आयोवाचं सर्वोच्च शिखर (शिखर कसलं ते पुढे कळेलच)

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि आम्ही राहतो त्या आयोवा राज्याचं सगळ्यात उंच ठिकाण, हॉकआय पॉइंट, आहे ५०९ मीटरवर. म्हणजे पुण्यात तळमजल्यावर राहणारा माणूस पलंगाखाली वाकून चप्पल शोधत असला तरी तो आयोवाच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या वर असतो. हे मी जेवताना सहज अण्णांना सांगितलं (माझे वडील, सध्या आई आणि ते आमच्याकडे डेमॉइनला आलेत) आणि तिथून या ट्रिपचं खूळ निघालं. अण्णा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी कालव्यांच्या सर्व्हेमध्ये गेली, लेव्हल हा शब्द ऐकला की त्यांचा चेहराच बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर लॅपटॉपवर अमेरिकन जिऑलॉजिकल सर्व्हेचे कंटूर नकाशे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) उघडे आणि चहा गार.

आईचं म्हणणं वेगळं. लोक आईवडिलांना नायगारा दाखवतात आणि तुम्ही आम्हाला मका बघायला चार तास गाडीत बसवणार. मुद्दा चूक नव्हता, पण लेबर डेच्या लाँग वीकेंडला नायगारा म्हणजे खिशाला केवढ्याला पडला असता, तेव्हा मतदान होऊन मका जिंकला.

थोडी पार्श्वभूमी. आयोवात ९९ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आकारानं आपला एखादा तालुका धरा. त्यातली वायव्य कोपऱ्यातली, मिनेसोटाच्या बॉर्डरला चिकटलेली ओसिओला काउंटी. लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव, बाकी सगळं मका, सोयाबीन, डुकरं आणि पवनचक्क्या. अशा सपाट काउंटीत राज्याचा सर्वोच्च बिंदू आहे, आणि गंमत म्हणजे कित्येक वर्षं तो दुसऱ्याच टेकडीवर आहे असं सगळे धरून चालले होते. ती टेकडीसुद्धा याच काउंटीत. अण्णांना दोन्ही बघायचे होते.

शनिवार

सातला निघायचं ठरलं होतं म्हणजे साडेआठला निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, आणि चहाचा थर्मास जो नवऱ्यानं फ्रीजवरच ठेवला होता हे वाटेत एम्स गावी कळलं.

रस्ता सांगायचा तर आय-३५ नं वर, मग २० नंबर हायवेनं पश्चिमेला आणि पुढे ७१ नं परत वर. बघण्यासारखं काय आहे विचाराल तर एका अर्थी काहीच नाही, सरळ रस्ता आणि दोन्हीकडे माणसापेक्षा उंच मका. पण शेजारी अण्णा बसले असले की काहीच नाही असं काही नसतं. हा अख्खा मुलूख एकेक मैलाच्या चौकोनात आखलाय, एक चौकोन ६४० एकरांचा, दर मैलाला रस्ता, सगळे रस्ते काटकोनात. एकोणिसाव्या शतकात सर्व्हेयरांनी साखळ्या ओढत हे आखलं, शेतकरी नंतर आले. एका ठिकाणी दक्षिणोत्तर जाणारा एक खडीचा रस्ता चांगला नाकासमोर येत होता आणि मधेच काही कारण नसताना दोन वळणं घेऊन थोडा बाजूला सरकून परत सरळ गेला. ओढा नाही, घर नाही, झाड नाही. नवरा म्हणाला कुणीतरी जागा दिली नसेल. अण्णा हसायला लागले. "अहो पृथ्वी गोल आहे जावईबापू. उत्तरेला जाल तशा या रेषा एकमेकींच्या जवळ येणार, चौकोन कसे बसतील? मग ठरावीक अंतरावर एक रेषा धरून तिथे फरक काढून टाकायचा. तो काढलाय इथे." मी नऊ वर्षं या राज्यात गाडी चालवतेय, असली वळणं मी दारुड्या इंजिनीअरच्या नावावर टाकली होती.

दुसरी गोष्ट त्यांना भावली ती जमिनीखालची. हा सगळा भाग मूळचा दलदलीचा, ठिकठिकाणी पाणी साचून राहायचं. वस्ती झाल्यावर लोकांनी शेतांखाली मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरल्या, आता प्लास्टिकच्या असतात, सगळं पाणी खालच्या खाली चरात आणि चरातून नदीत. वर काही दिसत नाही. अण्णा बराच वेळ गप्प होते मग म्हणाले, "आपल्याकडे कालवा आला, उसाला पाणीच पाणी झालं, आणि पाणी मुरून जमिनी चिबड झाल्या. निचऱ्याची फाइल मी स्वतः चार वेळा वर पाठवलीय." पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, आवाजावरून कळलं.

दुपारी स्टॉर्म लेकला जेवलो. एवढंसं गाव, पण मांस प्रक्रियेच्या कारखान्यांमुळे जगभरातून लोक आलेत, लाओशियन, मेक्सिकन आणि कोण कोण. आईला व्हेज काय मिळणार ही माझी कायमची धास्ती, तिनं बीन्स राइस मागवला, वर आपली चटणी घातली आणि आता बरं लागतंय म्हणाली.

स्पेन्सरला अण्णांनी हार्डवेअरच्या दुकानापाशी गाडी थांबवायला लावली. तीस फूट पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन लाकडी फूटपट्ट्या, झालं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं फिश टँकसाठी का, अण्णा इंग्लिशमध्ये म्हणाले नो, फॉर माउंटन. काकांनी पुढे काही विचारलं नाही. नळी कशाला ते ज्यांनी गवंड्याला काम करताना बघितलंय त्यांना कळलं असेल, बाकीच्यांना रविवारी कळेल. झालं असं होतं की वाटेत मी फोनवर उंची बघत होते आणि एकाच पार्किंगमध्ये उभं राहून तो आकडा तीस-चाळीस फूट वरखाली नाचत होता, ते बघून अण्णांचा फोनवरचा विश्वास कायमचा उडाला.

मुक्काम ओकोबोजीला. वेस्ट ओकोबोजी हे आयोवातलं सगळ्यात खोल नैसर्गिक तळं, १३६ फूट, आणि शेजारचं स्पिरिट लेक सगळ्यात मोठं. लेबर डे म्हणजे उन्हाळ्याचा शेवटचा वीकेंड त्यामुळे बोटी, गर्दी, मोठमोठ्यानं गाणी, मोटेलचं भाडं अव्वाच्या सव्वा. पण तळं बघणं या ट्रिपसाठी गरजेचं होतं, कारण तळं आणि टेकडी ही एकाच बर्फाची कामं. साधारण १५ ते १२ हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाची एक प्रचंड जीभ खाली उतरली, थेट आजच्या डेमॉइन शहरापर्यंत, म्हणून तिला डेमॉइन लोब म्हणतात. आमचं घर ज्या शहरात आहे तिथे तिचं टोक, आणि आम्ही निघालो होतो तिच्या पश्चिम काठाकडे. जिथे बर्फ होता तिथला प्रदेश अजून अर्धवट सारवल्यासारखा आहे, खळगे, तळी, उंचवटे. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग आपण एवढा वेळ बर्फावरूनच आलो. बरोबर आहे की.

रविवार

हा खरा दिवस.

९ नंबर हायवेनं पश्चिमेला निघालो आणि थोडं दक्षिणेला वळून ओचीडन नावाच्या गावापाशी आलो. ओचीडन माउंड लांबूनच दिसतो. खरंच दिसतो! सगळीकडे सपाट हिरवं-पिवळं आणि मधेच एक गवताळ टेकाड, नदीच्या खोऱ्यातून साधारण १७० फूट वर आलेलं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलेल्या माणसाला ते काही नाही, पण दोन दिवस क्षितिजाशिवाय काही बघितलं नसेल तर ते डोंगरासारखंच वाटतं, आणि आईनं तर उतरता उतरता हात जोडले. वर देऊळ नाही म्हटल्यावर तिला जरा वाईटच वाटलं.

याला भूगोलात केम म्हणतात. बर्फाच्या थराला वरून भोक पडतं, वितळलेलं पाणी त्यातून वाळू-गोटे घेऊन खाली कोसळत राहतं, आणि चाळणीखाली पिठाचा ढीग व्हावा तसा बर्फाच्या पोटात ढीग होतो. मग बर्फ जातो, ढीग राहतो. म्हणून हा सगळा रेती-खडीचा, आणि खडी म्हटली की रस्ते बांधणारे आलेच, अशा कित्येक टेकड्या खणून रस्त्यांखाली गेल्या. ही राखून ठेवलीय, नांगरही लागलेला नाही, त्यामुळे वर मूळचं प्रेअरीचं गवत आहे. आयोवात मूळ प्रेअरी एक टक्कासुद्धा उरलेली नाही, एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, त्यातला हा एक तुकडा. गवत बुटकं, गुडघ्याच्या खाली, तांबूस टोकांचं, वाऱ्यानं एका बाजूला झोपलेलं. सप्टेंबर असल्यानं मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या वाटेवर होती, एक जांभळ्या फुलावर बसलं होतं आणि वाऱ्यानं फूल आडवं झालं तरी सोडायला तयार नव्हतं, पंख मिटून फुलासकट हलत होतं. लेक त्याच्यासमोर पोटावर पडून होती, पाठीला गोखरूसारखं काहीतरी चिकटून सगळा टीशर्ट काटेरी झाला तरी उठेना.

वरून चारी बाजूंना लांबवर दिसतं. नदी, गावातलं धान्याचं एलिव्हेटर, पवनचक्क्या, चौकोन. इथे उभं राहिलं की कुणीही शपथेवर सांगेल की आजूबाजूला याहून उंच काही नाही. लोक तसंच सांगत होते. मग अमेरिकन जिऑलॉजिकल सर्व्हेची इकडची मोजणी १९७१ मध्ये झाली आणि निघालं की माउंड साधारण १६१३ फूट आणि तिकडे सिब्लीच्या उत्तरेला एका शेतात १६७० फूट. म्हणजे ५७ फुटांनी हरला, तेही अशा जागेकडून जी कुणाच्या नजरेतसुद्धा नव्हती.

मी अण्णांना विचारलं हे दिसत कसं नाही? ते खाली बसले, काडीनं मातीत रेघ काढली. इथून ते शेत दहा-बारा मैल. दहा-बारा मैलांत ५७ फूट म्हणजे हजाराला एक. "माणसाच्या डोळ्याला हजाराला एक चढ दिसत नाही. कालव्यात आम्ही पाच हजाराला एक देतो, किलोमीटरला वीतभर, आणि तरी पाणी बरोबर जातं." त्यांच्या हिशोबानं ५७ फूट म्हणजे कालव्याच्या मानानं धबधबाच आहे. डोळा शेजारच्या शेतापासून उंची मोजतो, नकाशा समुद्रापासून. माउंडच्या पायथ्याशी नदीनं खोरं कोरलंय म्हणून तो उठून दिसतो, आणि ते दुसरं शेत सगळ्या भागासकट हळूहळू उचललं गेलंय, म्हणून तिथे कुणाला काही वाटतच नाही.

खाली उतरून सिब्लीला आलो. काउंटीचं मुख्य गाव, कोर्टहाउस, पाण्याची टाकी, रविवारमुळे शुकशुकाट. केसीज या पेट्रोल पंपवाल्यांचा पिझ्झा इकडे फार फेमस आहे, पेट्रोल पंपावरचा पिझ्झा ही कल्पनाच आईला मान्य नव्हती पण दोन तुकडे खाल्ले. हा भाग राज्यात सगळ्यात उशिरा वसला, १८७० च्या दशकात, आणि लोक येऊन जेमतेम नांगर धरतायत तोवर १८७३ पासून चार-पाच वर्षं टोळधाड. उंच जागा कुठली हे बघायला कुणाला सुचलं नसेल तर नवल नाही.

सर्वोच्च बिंदू म्हणजे सर्वोच्च नैसर्गिक बिंदू, आणि त्यातल्या नैसर्गिक या शब्दाबद्दल इथे जरा बोलायला पाहिजे. सिब्लीतलं एलिव्हेटर (म्हणजे धान्याचे ते उंच सिलो, लिफ्ट नव्हे) किंवा कुठलीही पवनचक्की घ्या, तिचं टोक राज्याच्या सर्वोच्च बिंदूच्या वर जाऊन बसेल. सपाट प्रदेशात माणसानं केलेल्या गोष्टी फार पटकन निसर्गाला हरवतात, पुलाचा भराव, कचऱ्याचा डोंगर, काहीही. शेजारच्या इलिनॉयमध्ये सगळ्यात उंच जागा चार्ल्स माउंड, १२३५ फूट, आणि शिकागोचा विलिस टॉवर, जो समुद्रसपाटीपासून मोजला तर दोन हजारांच्या वर. म्हणून हा छंद असलेले लोक भराव, इमारती, कचरा धरत नाहीत. आणि हो, हा छंद आहे. काही जण पन्नास राज्यांची टोकं करतात, १९३६ मध्ये आर्थर मार्शल नावाच्या माणसानं तेव्हाची ४८ च्या ४८ पूर्ण केली होती, आणि त्याहून वेडे असतात ते काउंट्यांची टोकं करतात. सपाट काउंटीत ते जास्त अवघड असतं, कारण डोंगर असला तर माथा कुठे हे विचारावं लागत नाही, पण इथे दहा-दहा फुटांच्या कंटूरचा नकाशा घेतला की सगळ्यात वरच्या रेषेचे बंद गोल चार वेगवेगळ्या शेतांत निघतात, त्यातला कुठला जास्त उंच ते नकाशा सांगत नाही, मग चारही चालायचे, चारही मालकांना विचारायचं. आता विमानातून लेसर मोजणी होते त्यामुळे बरंच सोपं झालंय.

सिब्लीतून ६० नंबर हायवेनं उत्तरेला चार-पाच मैल गेलो की हॉकआय पॉइंटचा बोर्ड. वळलो. नवरा विचारत होता चढ कुठे आहे, आणि तेवढ्यात पोचलो.

शेताचं खळं. खरंच तसंच. एक लाल कोठार, सिलो, जुनी अवजारं, थोडं मोकळं गवत आणि सभोवार मका. पूर्वी हे एका कुटुंबाचं शेत होतं आणि मोजणीत सर्वोच्च बिंदू निघाला तो त्यांच्या गुरांच्या गव्हाणीच्या टोकाशी. राज्याचं शिखर आणि त्यावर गुरं मुरघास खातायत! त्या लोकांचं कौतुक की येणाऱ्या जाणाऱ्याला त्यांनी कधी हाकललं नाही, अंगणात येऊ दिलं, नंतर जागा काउंटीकडे आली. गव्हाणीपाशी आता फरशीत मोझेक बसवलंय, आणि खांबांवर बाकीच्या राज्यांच्या सर्वोच्च शिखरांची नावं आणि अंतरं. अलास्काचं डेनाली २०,३१० फूट वगैरे. आमच्या लेकीनं कळसूबाई कुठंय विचारलं. १६४६ मीटर, म्हणजे हॉकआय पॉइंटच्या तिप्पट आणि वर थोडं, पण पाटी नाही.

नवऱ्यानं फोटो काढले, आईनं सावली शोधली, आणि अण्णांनी नळी काढली.

त्याचं असं झालं की मोझेकवर उभं राहिलं की उत्तरेकडचा भाग स्पष्ट उंच वाटत होता. सगळ्यांना. नवरा म्हणाला सरकारनं पार्किंगच्या सोयीनं टोक ठरवलेलं दिसतंय. अण्णा म्हणाले बघू की. नळीत पाणी भरलं, बुडबुडे काढायला बोटानं टिचक्या मारत सगळी नळी हातातून फिरवली (एक जरी बुडबुडा राहिला तरी सगळं खोटं येतं, हे मला तीन वेळा सांगितलं), दोन्ही टोकांना फूटपट्ट्या. एक पट्टी मोझेकवर आईनं धरली, नको नको म्हणत, दुसरी नळी पोचेल तेवढ्या लांब मी. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येऊन थांबतं, ते पट्टीवर वाचायचं. जिथे आकडा कमी तिथे जमीन उंच. लेक वहीत लिहायची. मग आईनं माझ्या जागी यायचं, मी पुढे, अशा उड्या मारत आम्ही मक्याच्या काठापर्यंत गेलो. वारा सुटलेला, नळी थरथरतेय, पाणी हलायचं थांबेपर्यंत अण्णा ओरडतायत "हलवू नका गं!" आणि आई म्हणतेय मी हलत नाही, वारा हलतोय.

बेरीज केली. उत्तरेचा काठ वीतभर खाली निघाला.

मग वर का दिसत होता? मका. आठ फुटांचा मका उभा होता, डोळा मक्याच्या शेंड्यांनाच जमीन धरत होता. अण्णांना एवढं खूश मी त्यांच्या रिटायरमेंटच्या समारंभातही बघितलं नव्हतं. वहीचं पान फाडून खिशात घातलं, खाली तारीख आणि सही.

हे सगळं चालू असताना कॅन्ससचं एक वयस्कर जोडपं आलं होतं. आधी लांबून बघत होते, मग न राहवून आजोबा जवळ आले आणि पट्टी धरायला लागले. त्यांच्याकडचं सर्वोच्च ठिकाण माउंट सनफ्लॉवर ४०३९ फूट, नाव माउंट आणि तेही असंच सपाट, कुरणात, रेल्वेच्या खिळ्यांपासून केलेलं लोखंडी सूर्यफूल उभं केलंय म्हणे म्हणून कळतं. त्यांनी आम्हाला कुकीज दिल्या, आईनं त्यांना दशमी आणि लोणचं. आजीबाईंनी लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या रेसिपी द्या. अण्णा आणि आजोबा तासभर बोलत होते, एकाचं इंग्लिश दुसऱ्याला निम्मं कळत होतं, पण डंपी लेव्हल (पातळी मोजायची जुनी दुर्बीण) दोघांनाही माहीत होती, आजोबांनी तरुणपणी रस्त्याच्या खात्यात काम केलेलं. शेवटी दोघांचं एकमत झालं की लेसरवाल्या पोरांना पाय दुखल्याशिवाय जमीन कळत नाही. यावर माझं मत वेगळं आहे पण मी मधे पडले नाही.

निघताना वाऱ्याबरोबर डुकरांच्या शेडचा वास आला. आयोवात माणसं ३२ लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर, तेव्हा तो येणारच, त्याची तक्रार काय करायची.

सोमवार

परत यायचं होतं पण आईचा एक दिवस आमच्याकडे बाकी होता. ती म्हणाली होती की एक तरी खडक दाखवा. म्हणून सरळ घरी न येता मिनेसोटात शिरलो, वर्दिंग्टनहून आय-९० नं पश्चिमेला लुव्हर्न, तिथे ब्लू माउंड्स स्टेट पार्क. गुलाबी-लाल क्वार्ट्झाइटचा कडा, शंभरेक फूट, प्रेअरीतून सरळ उभा. आदल्या दिवशीची टेकडी काही हजार वर्षांची, हा दगड १६० कोटी वर्षांहून जुना. बायसनचा कळपही आहे, लांबून बघितला. पण आईला आवडलं ते वेगळंच, कड्यावर खडकाच्या फटीत निवडुंग. चक्क निवडुंग, फड्या निवडुंगाचा बारका भाऊ, मिनेसोटात, जिथे हिवाळ्यात उणे तीस होतं. आई त्याच्यापाशी बसून राहिली. आणखी एक गूढ आहे तिथे, पूर्व-पश्चिम रचलेली दगडांची १२५० फूट लांब ओळ, ती कुणी रचली ते कुणालाच ठाऊक नाही. अण्णा तिच्या कडेकडेनं एक डोळा मिटून चालत गेले आणि परत येऊन म्हणाले लाइन चांगली पकडलीय, ज्यानं केली त्याला काम येत होतं.

परतीला आय-९० नं पूर्वेला आणि मग ३५ नं खाली, साडेचार-पाच तास. गाडीत सगळे झोपले.

कुणी जाणार असेल तर: हॉकआय पॉइंटला तिकीट वगैरे काही नाही, गाडी पार टोकाशी जाते त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही राज्य सर करता येतं. मे-जूनमध्ये गेलात तर मका लहान असतो आणि लांबपर्यंत दिसतं, सप्टेंबरात भिंत असते. टोपी आणि वाऱ्याचं जॅकेट घ्या. ओचीडन माउंडवर गवतात टिक्स (गोचिड्या) असतात, मोजे वर ओढून चढा आणि खाली आल्यावर पोरांच्या माना बघा. आमच्या लेकीच्या कानामागे एक निघाली.